ताट वेगळे नको, खिडकी उघडी हवी

वाचक लिहितात:

मी चोपडा तालुक्यातली. वय 25, लग्नाला चार वर्षे झाली. आमचे मालक केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, दिल्ली-पंजाबपर्यंत जातात. दोन महिने खोकला थांबेना, वजन उतरले, म्हणून थुंकी तपासली तर टीबी निघाला. सोबत रक्त तपासले तर एचआयव्ही निघाला. सीडी-फोर 142 आहे म्हणाले. माझी तपासणी निगेटिव्ह आली. टीबीचे औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले, एचआयव्हीच्या गोळ्या मागच्या आठवड्यात सुरू झाल्या. दोन बाटल्या दिल्या आहेत. मोठी गोळी रात्रीची, ती घेतात. लहान गोळी कशाची ते कळले नाही. ती राहून जाते. मी त्यांचे ताट, तांब्या, टॉवेल वेगळे केले आहेत. ते स्वतःच ओसरीवर झोपतात. सासूबाईंना फक्त टीबीचे माहीत आहे. आखाजीला माहेरी गेले तेव्हा आईने विचारले, पाळणा कधी हलणार? काय सांगू? आम्हाला मूल होऊ शकते का? आम्ही नवरा-बायकोसारखे राहू शकतो का? ओळखीचे एकजण सांगतात की एक वैदू वीस हजारांत हा आजार मुळापासून काढतो. जावे का?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी ती लहान गोळी. बाकीचे सावकाश वाचा, पण हे आजच यजमानांना सांगा.

रात्रीच्या मोठ्या गोळीला टीएलडी म्हणतात. तिच्यात तीन औषधे आहेत : टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50. एरवी दिवसाला ही एकच गोळी पुरते. पण टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असते. लघवी केशरी करते तेच ते. तो रंग रक्ताचा नसतो, घाबरू नका. हे रिफॅम्पिसिन यकृताला असे कामाला लावते की डोल्युटेग्राव्हिर शरीरात टिकत नाही, लवकर निकाली निघते. रात्री घेतलेले औषध दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अपुरे पडते. म्हणून त्याच औषधाची 50 मिलिग्रॅमची वेगळी गोळी बारा तासांनी द्यायची असते. दुसऱ्या बाटलीवर डोल्युटेग्राव्हिर 50 लिहिले आहे ना ते वाचून घ्या. रात्री 9 ला मोठी घेत असतील, तर सकाळी 9 ला ही लहान. टीबीचे औषध चालू आहे तोवर रोज, आणि ते संपल्यावरही आणखी दोन आठवडे. मग ती बंद होते आणि एकच गोळी उरते.

लहान गोळी राहून गेली तर त्या दिवशी काही जाणवत नाही, फसगत होते ती तिथेच. अर्धवट औषधात विषाणू वाढत राहतो आणि त्या औषधाला सरावतो. आतापर्यंत किती चुकल्या ते पुढच्या भेटीत न लपवता सांगा. औषधाला आता आठवडाच झाला आहे, अजून सगळे सावरता येईल.

गाडीवर असताना आणखी दोन गोष्टींनी या गोळीचे काम बिघडते. पहिली म्हणजे पित्ताची औषधे. ढाब्यावरच्या तिखट-तेलकट जेवणाने जळजळ झाली की ड्रायव्हर लोक पांढरे किंवा गुलाबी पातळ औषध पितात. त्यातले ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम पोटात डोल्युटेग्राव्हिरला चिकटते आणि गोळी रक्तात पोचतच नाही. गोळीनंतर दोन तास थांबून ते औषध घ्यावे, आणि त्यानंतर पुढची गोळी सहा तासांनी. गोळ्या सकाळ-रात्री 9 च्या असतील, तर पित्ताचे औषध सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळेत बसते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. फक्त त्या जेवणासोबत घेतल्या तर एकाच वेळी चालतात. दुसरी गोष्ट ऊन. ही औषधे 30 अंशांच्या आत ठेवायची असतात आणि आपल्याकडे वैशाखात पारा 45 वर जातो. बंद केबिनचा डॅशबोर्ड तर तापलेला तवाच. बाटली डॅशबोर्डच्या खणात नको. कपड्यांच्या पिशवीत मधोमध, सावलीच्या बाजूला ठेवा. बाटलीत ओल शोषणारी छोटी डबी असते, ती फेकू नका, आणि गोळ्या कागदाच्या पुडीत काढून नेऊ नका. मोबाइलवर दोन गजर लावून द्या. गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ तोंडावर आली असेल तर सोडून द्यावी, पण दोन एकदम नाहीत.

हिरवे पुस्तक, म्हणजे एआरटी केंद्राने (जिथून एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) दिलेली नोंदवही, फेऱ्यांवर सोबत असू द्या. वाटेत औषध संपले तर दुसऱ्या राज्यातल्या एआरटी केंद्रावरही ते दाखवून विचारता येते. त्यापेक्षा बरे म्हणजे निघण्याआधी बाटल्या मोजणे. फेरी बारा दिवसांची असेल तर पंधरा दिवसांचे औषध बरोबर हवे. तब्येत स्थिरावली की केंद्र बहुधा तीन-तीन महिन्यांचे औषध एकदम देते.

आता ताट-तांब्याचे. एचआयव्ही ताटातून, तांब्यातून, टॉवेलातून, संडासातून, डासातून, घामातून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही. एका गादीवर झोपल्याने, मिठीने, पाप्याने पसरत नाही. त्याचे मार्ग मोजकेच आहेत : कंडोमशिवाय संबंध, दूषित सुई-रक्त, आणि आईकडून बाळाला. दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा असावा, एवढेच पुरे. ताट पुन्हा एकत्र करा, ताई. उपचाराचे पहिले महिने निभावायला माणसाला घराचा आधार लागतो, आणि घरात वाळीत पडलेला माणूस गोळ्या लपवून घेतो, मग टाळतो.

तुमच्या घरात हवेतून पसरू शकतो तो टीबी. त्याच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष दिसत नाही. टीबी खोकल्याच्या तुषारांतून पसरतो, भांड्यातून नाही. यजमान ओसरीवर झोपतात ते सध्या हवेसाठी ठीकच आहे, त्यामागचे कारण तेवढे चुकले. खोलीची खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल हवा, बेडका झाकणाच्या डब्यात. औषध नीट सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग देण्याची शक्यता बरीच घटते, तुम्ही तीन आठवडे पार केले आहेत. तरी तुमची आणि सासूबाईंची टीबीची तपासणी झाली का? झाली नसेल तर या आठवड्यात जाऊन या. टीबी नाही असे ठरले की घरच्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळते : रोज एक आयसोनियाझिड सहा महिने, किंवा दोन औषधांचा आठवड्यातून एकदाच घ्यायचा बारा आठवड्यांचा डोस. कोणते, ते डॉक्टर ठरवतील. सरकारी केंद्रात ते फुकट आहे. यजमानांच्या नावाची नोंद निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबी रुग्णांच्या यादीत, झाली असेल तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 पर्यंत ते 500 होते. ते पैसे अंडी, शेंगदाणे, डाळीवर खर्च करा. कळण्याची भाकरी, भरीत, सगळे चालते, पथ्य काही नाही. दारू मात्र पूर्ण बंद, कारण टीबीची औषधे यकृतावर आधीच ताण देतात. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट होऊ शकते, ती आत्ताच सांगून ठेवतो. एचआयव्हीच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती जागी होते आणि दबलेल्या टीबीवर तुटून पडते. ताप परत येतो, मानेतल्या गाठी वाढतात, माणूस म्हणतो, “गोळ्यांनीच बिघडले.” नेमक्या याच वेळी बरेच जण औषध सोडतात आणि वैदूचा रस्ता धरतात. सोडू नका. केंद्रावर जा, त्यावर उपचार असतो. डोके सतत दुखून उलट्या होत असतील किंवा भान हरपत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच न्या. सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, 200 च्या खाली असताना मेंदूचे संसर्गही होतात. कोट्रायमॉक्साझोल नावाची आणखी एक गोळी दिली असेल तर ती न्यूमोनिया आणि अशाच संसर्गांपासून वाचवण्यासाठी आहे. सीडी-फोर 350 च्या वर नीट टिकेपर्यंत ती चालू राहील. तिने अंगावर पुरळ आले तर कळवा.

वैदूकडे जाऊ नका. एचआयव्ही स्वतःचा मजकूर आपल्या पेशींच्या आतल्या धाग्यात विणून टाकतो आणि तिथे झोपून राहतो. गोळ्या त्याची वाढ थांबवतात, झोपलेल्याला बाहेर काढू शकत नाहीत. म्हणून औषध बंद केले की काही आठवड्यांत तो पुन्हा उसळतो. तब्येत बरी आहे तेवढे दिवस औषध थांबवले तर चालेल का, हे एका मोठ्या चाचणीत 5,472 लोकांवर पाहिले गेले. 2006 मध्ये निकाल आला : थांबणाऱ्या गटात गंभीर संसर्ग किंवा मृत्यूचा धोका अडीच पटीहून जास्त निघाला, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. काढ्याचे वीस हजार गेले तर पुन्हा कमावता येतील. काढ्यासाठी गोळ्या थांबल्या तर जीव धोक्यात येईल. औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये ज्या आजारांवर ‘बरा करतो’ असा दावा करण्यास मनाई आहे, त्यांत एड्सचे नाव आहे. असा दावा करणाऱ्याला हे सांगा आणि निघून या. आणि औषध वेळेवर, रोज घेतले तर किती जगतात? टीबी पार पडला आणि विषाणू दबलेला राहिला, तर तुमचे यजमान म्हातारे होतील, नातवंडे खेळवतील. हे नुसते धीराचे शब्द नाहीत, औषधावर नियमित असलेल्या हजारो लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हेच सांगतात.

तर आता तुमचे दोघांचे. आजचा दिवस आणि वर्षभरानंतरचा दिवस यांत मोठा फरक आहे, आणि तो पुराव्यावर उभा आहे.

एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह अशा 1,763 जोडप्यांवर नऊ देशांत एक चाचणी झाली. त्यात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईची जोडपीही होती. निम्म्या जोडप्यांत औषध लगेच सुरू केले, निम्म्यांत त्या वेळच्या नियमाप्रमाणे उशिरा. 2011 मध्येच फरक इतका ठळक दिसला की सगळ्यांना औषध देऊ केले. 2016 च्या अंतिम निकालात जोडीदाराकडून झालेले संसर्ग 93 टक्क्यांनी कमी निघाले. तुमच्या कामाची बाब या निकालाच्या पोटात आहे. पॉझिटिव्ह जोडीदाराचे औषध सुरू झाल्यानंतरही आठ जणांना संसर्ग झाला होता. त्यातले चार औषध सुरू झाल्यावर लगोलग, विषाणू अजून दबला नव्हता तेव्हा. आणि चार औषध निष्प्रभ ठरले तेव्हा. ज्यांचा विषाणू सतत दबलेला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला एकही नाही. त्याच वर्षी युरोपातल्या 888 जोडप्यांचा अभ्यास आला. कंडोमशिवाय सुमारे 58,000 संबंध, पॉझिटिव्ह जोडीदार औषधावर, एक मिलिलिटर रक्तात विषाणूंचा आकडा 200 च्या खाली. जोडीदाराकडून संसर्ग शून्य. अकरा जणांना मधल्या काळात एचआयव्ही झाला, पण विषाणूची जात तपासली तर तो घरचा नव्हता, बाहेरचा होता. म्हणजे ही हमी तुमच्या यजमानांच्या दबलेल्या विषाणूची आहे. बाहेरच्या कुठल्याही संबंधाची नाही. हे त्यांनीही नीट समजून घ्यावे.

म्हणून पहिले सहा महिने तरी कंडोम, प्रत्येक वेळी. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात, फुकट मिळतो. पाकिटात किंवा गाडीत उन्हात ठेवलेला वापरू नका, तारीख बघा. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावू नका. तेलाने रबर विरते आणि कंडोम फाटतो. ओलावा हवा असेल तर पाण्याचे जेल मेडिकलमध्ये मिळते. फाटलाच तर 72 तासांच्या आत, खरे तर पहिल्या काही तासांतच, एआरटी केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. 28 दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येतो. जितका उशीर, तितका उपयोग कमी.

कंडोम दरवेळी जमणार नसेल, नवरा-बायकोत असे होतेही, तर तुम्ही स्वतः घ्यायची प्रतिबंधक गोळी आहे : टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन, रोज एक. तिला प्रेप म्हणतात. केनिया-युगांडातल्या 4,747 अशा जोडप्यांत तिने निगेटिव्ह जोडीदाराचा धोका 75 टक्क्यांनी घटवला. पण आफ्रिकेतच तरुण बायकांवर झालेल्या दुसऱ्या दोन चाचण्यांत तिचा काहीच फायदा दिसला नाही. कारण शोधले तर बहुतेकींच्या रक्तात औषध सापडलेच नाही. गोळ्या डब्यात होत्या. बायकांना ही गोळी रोजच्या रोज सात दिवस झाल्यावर संरक्षण देते आणि मध्ये खंड चालत नाही. सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडाची तपासणी हवी, म्हणून मेडिकलवरून परस्पर घेऊ नका, एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांतून एकदा टोचायचे लेनाकापाव्हिर नावाचे इंजेक्शनही आले आहे. 2024 मध्ये आलेल्या निकालात दक्षिण आफ्रिका-युगांडातल्या ते घेणाऱ्या 2,134 बायकांपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. पण त्याच्या भरवशावर आजचा कंडोम टाळू नका.

तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट शेवटचा समजू नका. ताजा संसर्ग असेल तर तपासणीत दिसायला वेळ लागतो. कंडोमशिवायचा शेवटचा संबंध कधी झाला ती तारीख आठवा आणि तिथून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मग दर सहा महिन्यांनी. ‘इतकी वर्षे झाले नाही म्हणजे मला होणारच नाही’ असे काही जणी मानतात, त्याला आधार नाही. दोघांचीही गुप्तरोगांची, निदान सिफिलिसची तपासणी याच फेरीत करून घ्या. जखम असली की एचआयव्हीला वाट सोपी होते.

मूल होऊ शकते. वडील पॉझिटिव्ह असल्याने बाळाला थेट एचआयव्ही होत नाही. आईला झाला तरच बाळाला होऊ शकतो. तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळही निगेटिव्ह. वीर्य धुऊन घेण्याचा, म्हणजे त्यातला विषाणू वेगळा काढण्याचा, मोठा खर्च सांगणारे भेटतील, विषाणू दबलेला असताना त्याची गरज नाही. घाई मात्र करू नका. आधी टीबीचा उपचार पूर्ण होऊ द्या. औषध सुरू होऊन सहा महिने झाले की व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची, तपासणी होते, पुन्हा बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. फुकट आहे. तो रिपोर्ट स्वतः वाचायला शिका. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) लिहिले असेल तर उत्तम. आकडा 1000 च्या खाली असला की केंद्रात ‘विषाणू दबला’ म्हणतात, औषध चालू ठेवायला ते पुरेसे आहे. पण समजा 600 आला, तर मुलासाठी थांबा. गोळ्या कुठे चुकतात ते शोधा, पुन्हा तपासा. लागोपाठ दोन रिपोर्ट स्वच्छ आले की डॉक्टरांशी बोलून पाळीच्या मधल्या दिवसांत, म्हणजे 28 दिवसांची पाळी असेल तर साधारण अकराव्या ते सोळाव्या दिवसात, कंडोमशिवाय प्रयत्न करा. फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करा. दिवस राहिल्यावर तुमची तपासणी सुरुवातीला आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा व्हायला हवी. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईला नव्याने संसर्ग झाला तर तिच्या रक्तात विषाणू एकदम खूप असतो आणि बाळाला धोका मोठा असतो. त्या काळात यजमानांची एकही गोळी चुकता कामा नये.

आईला काय सांगायचे? “त्यांचे टीबीचे औषध चालू आहे, डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितले आहे.” हे खरेही आहे आणि पुरेसेही. सासूबाईंना गोळ्यांचे कारण विचारायचे असेल तर टीबी पुरतो. एचआयव्हीचे कळवायचे की नाही, हे यजमानांनी ठरवायचे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याप्रमाणे दवाखाना, ट्रकमालक, शेजारी, कोणीही त्यांच्या संमतीशिवाय हे उघड करू शकत नाही, आणि या कारणाने कामावरून काढता येत नाही. गावातले कोणी बघेल या भीतीने दूरच्या जिल्ह्यातले केंद्र धरावे असे वाटेल. तसे करता येते, पण लांबचे केंद्र म्हणजे बुडालेली मजुरी आणि चुकलेली तारीख. आमचे मत जवळच्याच बाजूने आहे. जळगावच्या केंद्रातून औषध जवळच्या एखाद्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळण्याची सोय आहे का, ते समुपदेशकांना विचारा.

पुढच्या तारखेला तुम्ही सोबत जा. दोन्ही बाटल्या, हिरवे पुस्तक, टीबीचे कार्ड आणि चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब घेऊन जा. तुमची तीन महिन्यांनंतरची तपासणीची तारीख त्याच पुस्तकाच्या मागे लिहून घ्या. मध्ये काही अडले तर 1097 हा टोल-फ्री नंबर आहे, नाव सांगावे लागत नाही.